दोन शाईंची नोंद

ज्या बाईंनी माझ्याकडे हा लेख मागितला त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही नुसतं बोला, मी लिहून घेते." मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं लोक कागदावर कसं उतरवतात ते मी एकोणतीस वर्षं बघितलं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं आणि वाकडं. पण जे लिहीन ते माझं असेल, आणि उद्या कोणी विचारायला आलं तर मी ते नाकारणार नाही.

मी एका सरकारी हायस्कुलात शिपाई होते. पिंपळनेरहून एस.टी.नं अर्धा तास, डोंगराच्या पायथ्याशी. माझा नवरा तिथंच शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी त्याच्याच किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. त्यावर त्यानं बांधलेली लाल चिंधी तशीच होती. मी ती सोडून टाकली. किल्ली चिंधीवरून ओळखायची नसते, दातांवरून ओळखायची असते.

शिपाईबाई म्हणजे चहा आणणारी, घंटा देणारी, एवढंच लोकांना वाटतं. चहा मी आणला, घंटाही दिली. सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरले आणि मास्तरांच्या सह्या घेतल्या. काही मास्तर सूचना न वाचताच सही करायचे. त्यांची नावं मी ध्यानात ठेवली होती. पण माझं खरं काम संशय घेणं हे होतं. कुलूप लावलं का, लावलं तर बसलं का, बसलं तर दुसऱ्या किल्लीनं उघडतं का, हे बघायचं. शाळेत सगळे चांगलं वागायला शिकवतात. कोणीतरी एकानं वाईट गृहीत धरून चालावं लागतं. ते माझ्याकडे होतं.

आमचं हायस्कूल सुरुवातीला भुईमुगाच्या शेंगांच्या गोदामात भरायचं. हे मी ऐकलेलं सांगते, पाहिलेलं नाही. तेव्हाची पोरं खिशात शेंगा भरून घरी जायची, म्हणून हजेरी चांगली असायची म्हणे. मग गावानं जागा दिली, घराघरातून विटा आल्या, आणि आजची इमारत उभी राहिली. त्या विटांवरून अजून वाद चालतात. पुंडलिक आबा नावाचे एक म्हातारे दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आठवीच्या वर्गात जायचे आणि मागच्या भिंतीवर हात फिरवायचे. नवे मास्तर म्हणायचे, केवढं प्रेम आहे बघा शाळेवर. मी एकदा मागून जाऊन उभी राहिले.

"आबा, काय पाहतस?"

"कोनी खिळा ठोकेल शे का ते पाही ऱ्हायनू. हाई भिंत मनी शे."

त्या भिंतीच्या विटा त्यांच्या घरून आलेल्या. म्हणजे तेही माझ्याच जातकुळीचे. मला बरं वाटलं.

गावातली लग्नं आमच्याच मैदानावर लागायची. मतदान आमच्याच वर्गात व्हायचं. तमाशाचा फड आला तरी तंबू आमच्याच कुंपणाला बांधायचा. सगळे म्हणायचे, आपलं हायस्कूल आहे. आपलं म्हणणारा माणूस आला की मी आधी बाक मोजून घ्यायची.

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत मुलींची झडती बाईनं घ्यावी लागते. ते काम माझ्याकडे होतं. मुली मला बघून आधी हसायच्या, मग रडायच्या. एका वर्षी एक मुलगी उजव्या हाताला बँडेज बांधून आली. भाकरी करताना भाजलं म्हणाली. मी हात नाकाजवळ नेला. भाजलेल्या हाताला मलमाचा वास येतो, नाहीतर हळदीचा. त्या हाताला साबणाचा वास होता. बँडेज सोडलं, आत अर्धं नागरिकशास्त्र. कागद काढून घेतला आणि पोरीला पेपराला बसू दिलं. वर कळवलं नाही. हे लिहू नये असं मला एक जण म्हणाले. मी लिहिते.

ती पोरगी आत जाताना वळून म्हणाली, "अक्का, तुम्ही पोलिसात का नाही गेल्या?"

मी म्हटलं, "चौथी पास घेत नाहीत."

आता मुख्य गोष्टीकडे येते.

शाळेत एक मोठी वही असते, तिला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत नाव घातलं की त्या वहीत पोराचा एक नंबर पडतो. त्या नंबरापुढे एकाच ओळीत नाव, बापाचं नाव, जात, गाव, जन्मतारीख आकड्यात, जन्मतारीख अक्षरात, शाळेत आला ती तारीख, गेला ती तारीख. माणूस पुढे कुठंही जाऊ दे, सरकार त्याचं वय आणि जात विचारायला ह्याच ओळीकडे येतं. आई काय सांगते ते चालत नाही, ओळ काय सांगते ते चालतं. आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो. कारण जुन्या काळी बाप तारीख सांगू शकला नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते चालवून घेतात.

ह्या वह्या कपाटात, कपाट रेकॉर्डच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली माझ्या कमरेला. वही बघायला येणारे लोक कसले कसले असतात ते मला विचारा. कोणाला वय कमी करायचं असतं, कोणाला वाढवायचं, कोणाला आजोबाची जात बदलून हवी असते. हातात मिठाईचा पुडा घेऊन आलेला माणूस तर मी दारातच उभा ठेवायची.

तरी एकानं मला फसवलं. पांढरे बूट घालून आला होता. कुठल्यातरी नोकरीत होता आणि त्याला दोन वर्षं उशिरा रिटायर व्हायचं होतं. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं मिठाई आणली नाही, गोडही बोलला नाही. नुसता खोकत बसला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मी माठावर पाणी आणायला गेले. आले तेव्हा त्याचा खोकला थांबला होता. आठवड्यानं आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे क्लार्कनं, ते पान पाहिलं. गड्यानं त्याच शाईचं पेन आणून जन्मतारखेचं साल आकड्यात बदललं होतं आणि अक्षरात बदलायचं विसरला होता. त्याचं काम झालं नाही. मला मात्र मेमो मिळाला. माझ्या नोकरीतला तो एकच मेमो. तेव्हापासून मी एकच शिकले. कागदावर जरा काही वेगळं दिसलं तर ते कोणीतरी केलेलं असतं.

हे शिकणं पुढे एका पोरीला भोवलं.

माझी नोकरी संपायला दोन वर्षं राहिली होती. डोंगरातल्या एका पाड्यावरची अनिता बहिरम नावाची मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झालेली. तिचा धुळ्याला डॉक्टरकीला नंबर लागला. आदिवासी म्हणून लागला. पण कॉलेजात राहायचं तर जात खरी असल्याचा तपासणीचा कागद ठरल्या तारखेच्या आत द्यायचा असतो. नाही दिला तर जागा जाते. ती तपासणी करणारी कचेरी बापाच्या, आजोबाच्या शाळेतली नोंद बघते. आजोबा शाळेत गेलाच नव्हता. बाप सोमा बहिरम आमच्या हायस्कुलात तीन वर्षं होता. म्हणजे त्या पोरीचं सगळं आमच्या वहीतल्या एका ओळीवर आलं.

चौकशीला धुळ्याहून एक साहेब आले. शांत माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आले, म्हणून मी त्यांच्याकडे जास्तच लक्ष ठेवलं. त्यांनी वही मागितली. मी काढून दिली आणि शेजारी उभी राहिले. माठाकडे गेले नाही. नंबर सापडला. साहेब बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग मीही वाकून पाहिलं.

नाव फिकट निळ्या शाईत. पुढचं सगळं, जात, गाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, गडद शाईत. वरची ओळ पूर्ण फिकट. सोमाच्या खाली एक अर्धवट ओळ सोडली की मग पुन्हा सगळ्या फिकट. वरच्या-खालच्या पोरांची दाखल तारीख जूनमधली. ह्याची सप्टेंबरमधली. सप्टेंबरात आलेला पोरगा जूनच्या पोरांच्या मधे कसा बसेल?

साहेबांनी विचारलं, "बाई, ह्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते. तुम्हाला काय वाटतं?"

अहिरे मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, तिथंच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प बस असं त्या डोळ्यांनी म्हणत होत्या. पण मला विचारलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं.

मी म्हटलं, "नाव एका शाईत आहे आणि जात दुसऱ्या. हे मागून लिहिलेलं आहे."

साहेबांनी ते जबाबात घेतलं, वाचून दाखवलं, माझी सही घेतली. सही करताना माझी मान ताठ होती. खोटं कशाला सांगू? वाटलं, पांढऱ्या बुटाचा हिशेब पुरा झाला.

चार दिवसांनी सोमा बहिरम शाळेत आला. काळासावळा, उंच, पायात टायरच्या चपला. पोरगी बरोबर होती. ती ओट्याशी उभी राहिली, आत आली नाही.

सोमा म्हणाला, "अक्का, तू माले वळखस का?"

"नाही."

"तुना मालक माले वळखे. मी आठे ह्या शाळामा शिकनू. तीन वरीस. घंटानी दोरी मीच ओढू, तुना मालक बिडी प्यायले गया का."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाची साक्ष सगळ्यांना सोपी पडते."

तो रागावला नाही, हसला. म्हणाला, "मोठा सरनी मना नंबर राखी ठेयेल व्हता. मी पोळानंतर उनू. तू वही पाह्य ना, अक्का."

मोठे सर म्हणजे शाळेचे पहिले मुख्याध्यापक, भामरे सर. मी नोकरीला लागले त्याच्या आधीच ते रिटायर होऊन गेले होते. त्यांचा फोटो ऑफिसात होता, हार मीच बदलायची. पण नंबर राखून ठेवला हे काय? सिनेमाच्या खुर्चीवर रुमाल टाकावा तसा शाळेचा नंबर राखतात का कोणी?

मी म्हटलं, "वही पाहिली आहे. दोन शाया आहेत."

तेव्हा ती पोरगी ओट्यावरून बोलली. एकच वाक्य बोलली. "माझ्या वडिलांना खोटं करायचं असतं तर एका शाईत केलं असतं."

ते गेले. मला राग आला. अठरा वर्षांची पोरगी मला शिकवते. पण राग उतरला तरी ते वाक्य उतरेना. पांढऱ्या बुटानं त्याच शाईचं पेन आणलं होतं. खोटं करणारा माणूस शाई जुळवूनच येतो. हे मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी साहेबांसमोर ते मला सुचलं नव्हतं.

तरी एक लिहिते, नाहीतर लोकांना वाटेल मला दया आली. मला दया आली नव्हती. मी रविवारी रेकॉर्डची खोली उघडली ती सोमाला खोटा पाडायला. म्हटलं, नंबर राखायची पद्धत खरी असेल तर एकट्याचाच राखला नसेल. इतरांचेही असतील. नसले तर सोमा खोटा. मग मी तोंडावर सांगू शकेन.

सोमाच्या आधीच्या वर्षाची वही काढली. पानावर बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेले. मला भराभर वाचता येत नाही, त्यामुळे एकही ओळ सुटली नाही. जूनच्या पोरांच्या मधे एक ओळ तशीच. नाव फिकट, बाकी गडद. तारीख सप्टेंबरची. आणखी खाली एक. पुढच्या पानावर दोन. सगळी डोंगरातल्या पाड्यांवरची. मी त्याच्या आधीची वही काढली. तिथंही. त्याच्या आधीची काढली. तिथंही. एवढ्या वर्षांच्या वह्यांत एवढ्या अनोळखी पोरांसाठी कोण खोटं करेल?

मग उलगडलं. भामरे सर उन्हाळ्याच्या सुट्टीत पाड्यांवर फिरायचे, हे मी मास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं. ज्या घरात शाळेजोगं पोर असेल त्याचं नाव विचारून यायचे. शाळा जूनमध्ये उघडते, पण डोंगरात जूनमध्ये पेरणी असते, मग लावणी, मग निंदणी. पोळा झाल्याशिवाय घरातून पोर सुटत नाही. आणि उशिरा आलेल्या पोराला वर्गात जागा नाही म्हणून परत पाठवलेलं त्या काळी चालायचं. म्हणून सर जूनमध्येच वहीत त्याचं नाव लिहून नंबर अडवून ठेवायचे. पोर आलं की बापाला समोर बसवून पुढचे रकाने भरायचे. तेव्हा शाई पुडीची असायची. पुडी पाण्यात घालून बाटली भरायची, ते काम शिपायाचं. जूनची बाटली वेगळी, पोळ्यानंतरची वेगळी. माझा नवरा पाणी कधी मापानं घालायचा नाही. घरी चहातही घालायचा नाही.

म्हणजे मी साहेबांना सांगितलं ते खरं होतं. ती ओळ मागूनच लिहिलेली होती. तीन महिन्यांनी मागून.

आणखी एक दिसलं. काही ओळींत नुसतंच नाव होतं. फिकट शाईत नंबर, नाव, आणि पुढे शेवटपर्यंत कोरं. एका वर्षी अशा चार ओळी, एका वर्षी सात. पुढच्या कुठल्या मास्तरानं त्यांच्यावर रेघ मारली नव्हती, की तो नंबर दुसऱ्याला दिला नव्हता. ही न आलेली पोरं. सोमाच्या खालची अर्धवट ओळही तशीच होती. त्या दिवशी साहेबांच्या समोर मी ती पाहिली होती आणि सोडून दिली होती.

मी खोलीत खाली फरशीवर बसले. एकोणतीस वर्षांपैकी सत्तावीस वर्षं मी ह्या वह्यांचं कुलूप सांभाळलं. त्या वाळवीपासून वाचवल्या, पावसात छत गळलं तेव्हा माझं लुगडं त्यांच्यावर टाकलं. आणि आत काय आहे ते एकदाही वाचलं नव्हतं.

सोमवारी मॅडमना वह्या दाखवल्या. त्यांना चटकन कळलं. पण त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

"अक्का, तुमचा जबाब गेला आहे."

"दुसरा देते."

भाऊसाहेब म्हणाले, "दुसरा द्यायला तुम्हाला बोलावलं कोणी? आपण होऊन जबाब फिरवला तर म्हणतील बाईनं काहीतरी घेतलं. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली. उगीच चौकशी मागे लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी तुमच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. बाईनं घेतलंच असणार." आणि खरंच मला तसंच वाटलं असतं. संशयी माणसाचा हाच त्रास आहे. दुसरे काय म्हणतील ते त्याला आधीच ठाऊक असतं.

मॅडमनी दोन दिवस विचार केला. मला ते दोन दिवस अजून बोचतात. मग त्यांनी पत्र दिलं, आठ वर्षांच्या पानांच्या झेरॉक्स काढून त्यावर शिक्के मारून दिले. मी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला गेले. सोमाला कळवलं नाही. त्याच्याबरोबर दिसले असते तर सगळंच वाया गेलं असतं.

तेच साहेब भेटले. मी कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे पहिल्यांदा तुम्ही खोटं सांगितलं?"

"नाही साहेब. दोन शाया होत्या, ते तेव्हाही खरं, आजही खरं. मी एक ओळ बघून बोलले. वही बघायला पाहिजे होती."

"आज कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. पण तुम्हाला वाटणार कोणीतरी पाठवलं. वाटू द्या. येऊन वह्या बघा."

त्यांनी झेरॉक्स एकेक करून चाळल्या. मग कोरा कागद पुढे केला. "हे तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. पाऊण तास लागला. एवढं मी त्याआधी कधीच लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "चौकशी पुन्हा करावी लागेल. वेळ लागेल." ते शाळेत आले, वह्या बघितल्या, पाड्यावर जाऊन आले. त्यांचं काम त्यांनी नीट केलं. त्यांना मी नाव ठेवणार नाही.

कागद मिळाला. जात खरी ठरली. पण कॉलेजच्या शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस नंतर मिळाला. अनिताची जागा गेली.

इथं लोक म्हणतात, अक्का, तुम्ही तुमची चूक दुरुस्त केली ना, मग झालं. काही झालं नाही. माझा पहिला जबाब नसता तर कागद वेळेत आला असता. पोरीचं वर्ष माझ्या सहीनं गेलं. मी सोमाच्या पाड्यावर गेले आणि त्याला तसं सांगितलं. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. म्हणाला, "तू साहेबकडे धुयाले गयी ते माले समजनं." एवढंच. त्याची बायको बाहेर आली नाही. मला ते बरोबर वाटलं. मीही आले नसते.

अनितानं पुन्हा परीक्षा दिली. मार्क आधीपेक्षा थोडे कमी पडले, पण नंबर लागला. ह्या वेळी जळगावला. कागद हातात तयार होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या जूनमध्ये ती शाळेत आली. नवे प्रवेश चालू होते, ओट्यावर पालकांची गर्दी. ती सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ऐकवेल. मी तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, "अक्का, मला वही बघायची आहे."

"कशासाठी? तुझं काम तर झालं."

"वडिलांच्या खालची ओळ."

मी भाऊसाहेबांना हाक मारली. त्यांच्या समोर वही काढली, पान उघडलं, धरून बसले. सोमाच्या खालच्या नंबरापुढे फिकट शाईत एक नाव होतं. देवकी काळू बहिरम. पुढे सगळं कोरं.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझी आत्या. वडिलांहून वर्षानं लहान. घरी लहान भावंडं होती. पोळ्यानंतर वडील आले, ती नाही आली."

"आता कुठं असते?"

"पाड्यावरच. शेळ्या राखते."

तिनं त्या नावावर बोट ठेवलं नाही. नुसती बघत होती. मग म्हणाली, "ह्याची नक्कल मिळेल का? शिक्क्यासकट."

मी म्हटलं, "अगं, ह्या ओळीवरून कुठलाच दाखला निघत नाही. जन्मतारीख नाही, दाखल तारीख नाही. ही पोरगी शाळेत आलीच नाही. कुठंही दाखवलंस तरी कोणी घेणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग काय करणार?"

ती परत त्या ओळीकडे बघायला लागली. मला परत शंका आली. सवय जात नाही. हिच्या डोक्यात काय आहे? एवढ्या सगळ्यानंतर ही आणखी कसला कागद करून घेते आहे? मी म्हटलं, "नक्कल अशी तोंडी मिळत नाही. अर्ज लिही. अर्जात कारण लिहावं लागतं, त्याशिवाय मॅडम सही करत नाहीत."

भाऊसाहेबांनी कागद दिला. तिनं उभ्याउभ्याच लिहिला. अर्ज माझ्या हातात आला, कारण मॅडमकडे मीच घेऊन जाणार होते. जाता जाता, बोट ठेवून, मी तो वाचला.

नकलेचे कारण म्हणून तिनं लिहिलं होतं, आत्याला दाखवण्यासाठी. तिचं नाव शाळेत आहे हे तिला माहीत नाही.